आधी रिजेक्शनचं रजिस्टर उघडा

कारखान्यात आयएसओ ९००१ (क्वालिटीचं मानक) आहे आणि आता १४००१ (पर्यावरणाचं) घ्यायचं ठरतंय? मग नवी फाइल उघडू नका. मी उघडली होती. वेगळं कपाट, वेगळे फॉर्म, वेगळं ऑडिट. पंधरवड्यात दोनदा तीच उत्तरं देऊन आमचा सुपरवायझर वैतागला.

२०१५च्या आवृत्तीपासून दोन्ही मानकांचा सांगाडा एकच आहे. कागदपत्रं ७.५, अंतर्गत ऑडिट ९.२, मॅनेजमेंट रिव्ह्यू ९.३, सुधारणेची कारवाई १०.२, कलमांचे आकडेसुद्धा तेच. त्या पद्धती आहेत तशा ठेवा, पर्यावरणाचे मुद्दे त्यातच घाला. यात फार वेळ घालवू नका.

वेळ द्यायचा तो रिजेक्शनच्या रजिस्टरला, म्हणजे नापास मालाच्या नोंदवहीला. आमच्याकडची एक ओळ: बोअर (नगाचं भोक) मोठं झालं, ४० नग भंगारात. कारण, टूल झिजलं. क्वालिटीच्या हिशेबी विषय मिटला. मी त्याच ओळीपुढे पेन्सिलीनं चार रकाने ओढले: धातू, वीज, कूलंट (कापताना टूल थंड ठेवणारं द्रव), कचरा. भंगारात गेलेला नगही चांगल्या नगाइतकीच वीज खातो, आणि त्याचा तेलकट कीस मागे उरतोच. पाच वेळा ‘का’ विचारायची सवय लोकांना होती, प्रश्न फक्त पुढे नेला. किती नगांनी टूल बदलायचं ते मोजणारा काउंटर लावला तेव्हा चारही रकाने एकदमच हलके झाले.

मात्र क्वालिटीची नजर एका जागी दगा देते: ती मालावरच खिळलेली असते. १४००१च्या ६.१.२ मध्ये, म्हणजे पर्यावरणावर परिणाम करणाऱ्या बाबींच्या यादीत, रोजच्या कामाबरोबर नेहमीपेक्षा वेगळी परिस्थिती आणि आणीबाणीही धरावी लागते. आमच्या पहिल्या यादीत मशीन चालू असतानाचं सगळं होतं, कूलंटची टाकी धुतानाचं काहीच नव्हतं. ऑडिटरनं फाइल मिटली आणि विचारलं, “ते धुतलेलं पाणी कुठे जातं?” आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो.

कायद्याच्या अटींची यादी (६.१.३) आणि आणीबाणीची तयारी (८.२) नव्यानंच बांधावी लागते. इथे मात्र सारख्या आकड्यावर जाऊ नका. ९००१ मधलं ८.२ ग्राहकाच्या मागण्यांचं आहे. आणि गळतीची तालीम रात्रपाळीत घ्या. आमच्याकडे तेल शोषणाऱ्या पावडरीची पोती कुलपात होती, आणि किल्ली दिवसपाळीच्या माणसाच्या खिशात, त्याच्या घरी.