दोघांसाठी हलका तंबू, बाराही महिने

तंबूवर 'दोन माणसांचा' लिहिलंय म्हणून भुलू नका. आधी जमिनीची रुंदी बघा. झोपायची एक मॅट साधारण ५१ सेंटीमीटर, म्हणजे दोन मॅटना १०२. मी १३० च्या खाली जात नाही, नाहीतर रात्रभर कोपर भिंतीला लागतं आणि बाही ओली.

ओली पावसानं नव्हे, आपल्याच श्वासानं! एकपदरी तंबू हलका खरा, पण थंडीत पहाटे आतून थेंब टपकतात. एकदा माझी स्लीपिंग बॅग पायाकडून चिंब झाली, तेव्हापासून दुपदरीच घेते. वर झरोका हवाच. आतला पदर निव्वळ जाळीचा असला तर हिवाळ्यात वारा थेट अंगावर येतो. अर्धं कापड, अर्धी जाळी बरी.

वजन दोन किलोच्या आत, पण खुंट्या आणि पिशवीसकट मोजा. दारं दोन असावीत, मध्यरात्री जोडीदाराला ओलांडायला नको. सिलनायलॉन, म्हणजे सिलिकॉनचा थर दिलेलं तंबूचं नायलॉन कापड, भिजलं की सैलावतं, म्हणून झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणते.

जोरदार बर्फात मात्र असला तंबू नेऊ नका. बारीक काठ्या वाकतात.