फोनमधलं स्पेक्ट्रम ॲप कॉम्प्युटरवर चालवायचंय? आधी माईक कुठे राहणार ते ठरवा

चतुर्थी जवळ आली की सिंधुदुर्गात भजनी मंडळांच्या तालमी रंगतात. डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यांच्या, तारखा पडल्या की साऊंडवाल्यांची धावपळ सुरू होते. आता बऱ्याच जणांच्या फोनात स्पेक्ट्रॉइडसारखं एखादं ॲप असतं. आवाजात कुठली फ्रीक्वेन्सी किती जोरात आहे, हे ते चालत्या आलेखावर दाखवतं. माईक शिट्टी मारायला लागला की इक्वलायझरवर, म्हणजे प्रत्येक फ्रीक्वेन्सीचा जोर वेगळा कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, नेमकी कुठली पट्टी खाली घ्यायची, ते त्यावरून कळतं. पण सहा इंचांच्या स्क्रीनवर १,००० आणि १,२५० हर्ट्झमधला फरक धावपळीत दिसत नाही. म्हणून हेच ॲप लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर हवं असतं.

त्याचे दोन मार्ग आहेत. एम्युलेटर वापरला तर ॲप कॉम्प्युटरवरच चालतं आणि कॉम्प्युटरचा माईक ऐकतं. मिररिंग केलं तर ॲप फोनवरच चालतं, फोनचाच माईक ऐकतं, आणि कॉम्प्युटरवर फक्त चित्र येतं. देवळाच्या सभामंडपात काम करायचं असेल तर माझं स्पष्ट मत मिररिंगच्या बाजूने आहे. लॅपटॉप मिक्सरजवळ राहतो आणि फोन श्रोते बसतात तिथे ठेवता येतो. घरी पेटी, पखवाज किंवा रेकॉर्डिंग तपासायचं असेल तर एम्युलेटर पुरतो.

एम्युलेटरचा मार्ग

विंडोजवर ब्लूस्टॅक्स सोपा पडतो. किमान ४ जीबी रॅम लागते, पण ८ असेल तरच आलेख अडखळत नाही. सुरुवातीला टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'व्हर्च्युअलायझेशन'समोर 'एनेबल्ड' लिहिलंय का बघा. नसेल तर कॉम्प्युटर पुन्हा चालू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज उघडण्याआधीच्या सेटिंगमध्ये, ते सुरू करावं लागतं. इंटेलच्या मशीनवर ते व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या मशीनवर एसव्हीएम नावाने असतं. एम्युलेटर कंपनीच्या मूळ साईटवरूनच उतरवा. मग त्यातल्या प्ले स्टोअरमधून ॲप घ्या आणि पहिल्यांदा उघडताना मायक्रोफोनची परवानगी द्या.

एवढं करूनही आलेख सपाट राहिला तर अडचण बहुतेक वेळा विंडोजच्या परवानगीत असते. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी'खाली 'मायक्रोफोन' उघडा आणि डेस्कटॉप ॲप्सना माईक वापरू देण्याचं बटण चालू करा. मग एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये योग्य माईक निवडलाय का तेही पाहा. अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर वापरत असाल तर उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून मायक्रोफोनच्या पानावर जा आणि कॉम्प्युटरचा आवाज आत घेण्याचा पर्याय चालू करा. एम्युलेटर बंद करून पुन्हा उघडला की तो पर्याय आपोआप बंद झालेला असतो, त्यामुळे हे दरवेळी करावं लागतं.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. लॅपटॉपचा माईक व्हिडिओ कॉलसाठी बनवलेला असतो. माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकीचा 'गोंगाट' पुसायचा, हे त्याचं काम. त्याच्या दृष्टीने सलग धरलेला पेटीचा सूर हाही गोंगाटच ठरू शकतो. तुम्ही सूर धरता आणि दोन-तीन सेकंदांत आलेखावरचं टोक आपोआप खाली येतं. म्हणून माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'ऑडिओ एनहान्समेंट्स' बंद करा, आणि लॅपटॉप कंपनीचं वेगळं नॉईज कॅन्सलेशन असेल तर तेही बंद करा. तिथेच फॉरमॅट ४८,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, ठेवा.

मिररिंगचा मार्ग

यासाठी एससीआरसीपीवाय नावाचा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्रॅम आहे. त्याचा उच्चार 'स्क्रीन कॉपी' असा करतात. तो अँड्रॉइड ५ पासूनच्या फोनवर चालतो आणि फोनमध्ये वेगळं ॲप टाकावं लागत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाऊट फोन'मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा. 'डेव्हलपर ऑप्शन्स' दिसू लागतील, त्यातलं 'यूएसबी डिबगिंग' चालू करा. मग केबल जोडा. केबल डेटा नेणारी हवी, काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. फोनवर परवानगीचा प्रश्न येईल, त्याला होकार द्या. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमची झिप फाईल उघडून त्यातला प्रोग्रॅम चालवा. फोनचा पडदा खिडकीत दिसेल आणि माऊसने ॲप हाताळता येईल. चित्र दिसतंय पण माऊस चालत नाही, असं काही कंपन्यांच्या फोनवर होतं. तिथे डेव्हलपर ऑप्शन्समधला यूएसबी डिबगिंगचा दुसरा, 'सिक्युरिटी सेटिंग्ज'वाला पर्यायही चालू करावा लागतो.

ऑल्ट आणि ओ एकत्र दाबलं की फोनचा पडदा काळा होतो, पण ॲप चालूच राहतं. तीन तासांच्या बारीत बॅटरीची यामुळे चांगली बचत होते. फोन लांब ठेवायचा असेल तर दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर जोडून बिनकेबलचंही चालतं. देवळात राऊटर नसतोच, पण दुसऱ्या एखाद्या फोनचा हॉटस्पॉट चालतो.

पडताळणी करा, मगच विश्वास ठेवा

कुठलाही मार्ग घ्या, ओळखीच्या आवाजाने तपासल्याशिवाय आकड्यांवर भरवसा ठेवू नका. पेटी असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबून धरा. टोक ४४०च्या आसपास यायला हवं. पेटी खर्ज-नर, म्हणजे खालच्या सप्तकाचा सूरही सोबत वाजणारी, असेल तर २२०वरही टोक दिसेल, आणि पुढे ८८०, १,३२० अशी रांग लागेल. ४४० येतंय आणि सूर धरून ठेवेपर्यंत टोक जागेवर राहतंय, म्हणजे माईकचा रस्ता साफ आहे.

मग झांज वाजवा. झांजेचा आवाज वरच्या टोकापर्यंत पसरलेला असतो. आलेख ८,००० हर्ट्झला कापल्यासारखा संपत असेल, तर मध्येच कुठेतरी आवाज सेकंदाला १६,००० नमुन्यांवर आणला जातोय. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतच फ्रीक्वेन्सी दिसू शकते. असा माईक हॉलच्या कामाचा नाही.

काहीच वाजत नसताना ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर उंचवटे दिसले तर ती विजेची घरघर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. चार्जर काढून बघा. घरघर गेली तर तो चार्जरचा दोष, राहिली तर सभामंडपाचं अर्थिंग तपासून घ्या.

आता ॲपच्या सेटिंगमधली एफएफटी साईझ, म्हणजे एका चित्रासाठी आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा. हा आकडा जितका मोठा, तितकं जवळजवळचे सूर वेगळे दिसतात, पण आलेख तितका सावकाश हलतो. ४८,००० नमुन्यांना ८,१९२ने भागलं की जवळपास ६ हर्ट्झ येतात, म्हणजे आलेखातलं एक घर ६ हर्ट्झचं, आणि एका चित्रात साधारण ०.१७ सेकंदाचा आवाज. शिट्टी शोधायला हे उत्तम. पखवाजाची थाप पाहायची तर २,०४८ घ्या. पण खालच्या सप्तकात, ११० हर्ट्झच्या आसपास, ६ हर्ट्झ म्हणजे जवळपास पेटीची एक अख्खी पट्टी. त्यामुळे पेटी सुरात लावण्यासाठी हे ॲप वापरू नका, त्याला ट्यूनरच हवा.

सभामंडपात

चिऱ्याच्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब, अशा जागेत शिट्टी लवकर येते. बुवांचे माईक जागेवर लावा, फोन श्रोत्यांच्या मध्यावर ठेवा आणि मिक्सरचा मास्टर, म्हणजे एकूण आवाज, हळूहळू वाढवत न्या. आवाज गुणगुणायला लागला की वाढवणं थांबवा. शिट्टी पूर्ण मारू देऊ नका, कानांना आणि स्पीकरना दोघांनाही ते वाईट. मग वॉटरफॉलकडे, म्हणजे ॲपमध्ये वेळेनुसार सरकत जाणाऱ्या रंगीत चित्राकडे, पाहा. गाण्याच्या रेषा रांगेने येतात: ३००, ६००, ९००. शिट्टीची रेष एकटीच असते, बारीक असते, आणि गाणारा थांबला तरी विरत नाही. तिचा आकडा १,२७० आला तर ३१ पट्ट्यांच्या इक्वलायझरवर १,२५०ची पट्टी ३ डेसिबलने खाली घ्या. पुन्हा मास्टर वाढवा आणि पुढची रेष शोधा. दोन-तीन पट्ट्यांत काम व्हायला हवं. सहा-सात पट्ट्या खाली घ्याव्या लागत असतील तर इक्वलायझर सोडा आणि स्पीकर माईकच्या पुढे सरकवा.

हे सगळं पावसाची सर येण्याआधी उरका. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की त्याचा आवाज सगळ्या आलेखभर पसरतो आणि बारीक रेषा त्यात बुडून जातात. माणसं भरल्यावर एकदा पुन्हा पाहा, कारण वरच्या फ्रीक्वेन्सी अंगावरचे कपडे शोषून घेतात.

आलेखाच्या बाजूचे डेसिबलचे आकडे उणे असतात, कारण ते उपकरणाच्या कमाल पातळीपासून खाली मोजलेले असतात. निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची जी कायद्याची मर्यादा आहे, तिच्याशी या आकड्यांची तुलना करू नका. त्यासाठी कॅलिब्रेट केलेलं साऊंड लेव्हल मीटर लागतं.

फोनच्या ॲपचा हट्ट नसेल, तर कॉम्प्युटरसाठीच बनवलेले मोफत पर्याय आहेत. रेकॉर्ड केलेलं भजन तपासायला ऑडॅसिटीत 'ॲनालाईझ'खालचं 'प्लॉट स्पेक्ट्रम' पुरेसं आहे, आणि हॉल मोजायला रूम ईक्यू विझार्ड कुठल्याही फोन ॲपपेक्षा सरस आहे. पण हाताला सवय फोनच्या ॲपची असेल आणि समोर बारी उभी असेल, तर मिररिंगच बरं. काम झालं की फोनमधलं यूएसबी डिबगिंग आठवणीने बंद करा.