नमुना स्लॅब जमवताना नाणे नव्हे, पेटी पाहावी

अमेरिकेतील प्रतवारी संस्था नाणे तपासतात, त्याला १ ते ७० या मोजपट्टीवर श्रेणी देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत ते कायमचे बंद करतात. याच पेटीला स्लॅब म्हणतात. आपली पेटी ग्राहकाने हातात घेऊन पाहावी म्हणून या संस्था एखादे स्वस्त सेंट किंवा डाइम (दहा सेंटचे नाणे) आत घालून, लेबलवर ‘सॅम्पल’ असे छापून, जाहिरातीसाठी काही स्लॅब वाटत आल्या आहेत. असे स्लॅब जमवणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: येथे संग्राह्य वस्तू पेटी आहे, आतले नाणे केवळ भरताड आहे. त्यामुळे ‘नाणे काढून बघू’ असा सल्ला देणाऱ्याचे पुढचे काहीही ऐकू नये.

आरंभ एका संस्थेपासून करावा. या प्रतवारी संस्थांपैकी पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली. दोघींनीही पेट्या आणि लेबले अनेकदा बदलली, त्यामुळे एकीच्याच पिढ्या लावताना पुरेसे काम होते. मोठ्या प्रदर्शनात संस्थेच्या टेबलावर सरळ विचारावे. नसेल तर डीलरांच्या स्वस्त मालाच्या डब्यात शोधावे. काही लेबलांवर प्रदर्शनाचे नाव छापलेले असते. ते मिळाल्यास सोडू नये.

खरी कसोटी पेटी अस्सल आहे की नाही हे ठरवण्याची आहे, आणि येथेच मी एकदा सपशेल फसलो आहे. नेहमीच्या स्लॅबवर प्रमाणपत्र क्रमांक असतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नमुन्यावर बहुधा क्रमांक नसतो, किंवा असला तरी दिखाऊ असतो. म्हणजे ‘क्रमांक तपासा आणि निश्चिंत व्हा’ हा सर्वत्र मिळणारा उपदेश नेमका येथे कुचकामी ठरतो.

पीसीजीएसच्या पहिल्या पिढीच्या पेटीला संग्राहक ‘रॅटलर’ म्हणतात, कारण ती हलवली की आत खडखड वाजते. ती नंतरच्या पेट्यांहून किंचित लहान असते आणि एकीवर एक रचण्यासाठी लागणारी उंच कड तिला नसते. असा एक नमुना मी एका विक्रेत्याकडून चांगली किंमत मोजून घेतला. पेटी लहान होती, खडखड वाजत होती, मी खूश होतो. घरी टेबलावरच्या दिव्याखाली पाहिले तेव्हा आतल्या डाइमवर १९९६ साल दिसले. ही पेटी तर १९८० च्या दशकातली! मग भिंगातून उजव्या कडेची सांध पाहिली: अल्ट्रासोनिक वेल्डिंगची (ध्वनिकंपनांनी प्लास्टिक वितळवून केलेल्या जोडाची) सलग, स्वच्छ रेघ असायला हवी होती, तेथे गोंदाची पांढुरकी, बुडबुड्यांची ओळ होती आणि एका कोपऱ्याला पटाशीचा टवका उडालेला होता. लेबलवरची अक्षरे तर घरगुती प्रिंटरच्या ठिपक्यांची होती. जुनी खरी पेटी फोडून, लेबल बदलून ती पुन्हा चिकटवली होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. प्रथम नाण्याचे साल पाहावे. पेटी नाण्याहून जुनी असूच शकत नाही, मात्र नाणे जुने म्हणून पेटी जुनी ठरत नाही. १९४४ चे सेंट कालच्या पेटीतही बसते, आणि ही दुसरी बाजू विसरणारे विक्रेते पुष्कळ आहेत. मग चारही कडांची सांध भिंगाखाली सावकाश फिरवावी. शेवटी त्याच पिढीचा एक साधा, क्रमांक तपासून घेतलेला स्लॅब शेजारी ठेवून जाडी, लेबलचा कागद, अक्षरांची वळणे आणि मागची बाजू ताडून पाहावी. हा तुलनेचा स्लॅब आधी विकत घ्यावा, नमुना नंतर. उलटा क्रम महागात पडतो. दुरून खरेदी करताना चारही कडांची छायाचित्रे मागावीत, आणि ती द्यायला टाळाटाळ करणाऱ्याशी पुढे बोलू नये.

‘दुर्मिळ’ या शब्दाला भाव देऊ नये. संस्थांच्या पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये श्रेणी दिलेल्या नाण्यांची मोजदाद असते, वाटलेल्या नमुन्यांची नव्हे. त्यामुळे ‘फक्त इतकेच आहेत’ असे छातीठोक सांगणाऱ्याला आकडा कोठून आणला ते विचारावे. दोन नमुने सारखेच असतील तर १९८२ नंतरचे सेंट असलेला टाळावा, कारण ती सेंट तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताची असतात आणि त्यांवर डाग लवकर पडतात. स्लॅब हवाबंद नसतो.

किमतीची चिकटपट्टी काढायला ॲसिटोन कदापि वापरू नये. प्लास्टिक विरघळून धुरकट होते. साठवणीसाठी २० स्लॅबची पेटी घ्यावी आणि ती कोरड्या कपाटात ठेवावी. कोणता नमुना कोठून, कोणत्या दिवशी आणि किती डॉलरला आला ते वहीत त्याच संध्याकाळी लिहावे.