बॅटल ऑफ ब्रिटनचा एअर शो बघायला जाताय? मग आधी हे वाचा

सप्टेंबरमध्ये इंग्लंडात असाल तर बॅटल ऑफ ब्रिटनच्या आठवणीत जुनी लढाऊ विमानं उडवतात तो शो चुकवू नका. पण तयारी न करता गेलात आणि नुसती मान वर करून बसलात तर दोन तासांत सगळी विमानं सारखीच दिसायला लागतात, आणि मग माणूस मोबाईल काढून बसतो, म्हणून हे लिहितोय.

थोडक्यात इतिहास. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दल ब्रिटनवर चालून आलं आणि ब्रिटिश वैमानिक त्याच्याशी आकाशात लढले, ती ही लढाई 10 जुलै ते 31 ऑक्टोबर 1940 अशी धरतात, आणि 15 सप्टेंबरला जर्मनांनी लंडनवर केलेले दोन मोठे हल्ले त्यांच्याच अंगाशी आले म्हणून तो बॅटल ऑफ ब्रिटन डे. आरएएफकडून, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाकडून, जवळपास 3,000 जण लढले, त्यातले 544 लढाई संपायच्या आत गेले. शेवटचे हयात वैमानिक पॅडी हेमिंग्वे मार्च 2025 मध्ये 105व्या वर्षी वारले.

जायचं कुठे? माझं मत विचाराल तर केंब्रिजजवळचं डक्सफर्ड. आज तिथे इम्पिरियल वॉर म्युझियम आहे पण धावपट्टी खरी, ऑगस्ट 1938 मध्ये आरएएफचं पहिलं स्पिटफायर लढाऊ विमान इथेच 19 स्क्वाड्रन या तुकडीला मिळालं. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटवरून ट्रेन पकडून व्हिटल्सफर्ड पार्कवेला उतरायचं, तिकीट आधीच ऑनलाइन काढायचं, गेटवर बघू म्हणून जाऊ नका. पैसे खर्च करायचे नसतील तर जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाच्या परेडला लंडनमध्ये द मॉलवर उभे राहा, बकिंगहॅम पॅलेसवरच्या फ्लायपास्टमध्ये आरएएफच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइटची (जुनी विमानं उडवणारी तुकडी) विमानं बऱ्याचदा असतात, फक्त ते सगळं काही सेकंदांत संपतं. आणि एक, या फ्लाइटचं लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान बघायचं म्हणून लांबून येणार असाल तर मनाची तयारी ठेवा, बाजूने वारा जरा जास्त असला किंवा हवा खराब असली की ते येत नाही, चिडून उपयोग नाही, इतकी जुनी विमानं जपूनच उडवणार ना.

आता मुख्य मुद्दा, ओळखायचं कसं. सगळे स्पिटफायर स्पिटफायर करतात पण 1940 मध्ये हरिकेन हे दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान, तीच संख्येने जास्त होती आणि शत्रूची विमानंही तिनेच जास्त पाडली, त्यामुळे तिच्याकडे नीट बघा. खालून जाताना पंख बघायचे: स्पिटफायरचे पातळ, लंबगोल, हरिकेनचे जाड आणि सरळसोट. हरिकेनची पाठ कुबडासारखी, मागचा अर्धा भाग कापडाने मढवलेला, आणि रेडिएटर बरोब्बर पोटाखाली मध्यभागी. स्पिटफायरचे रेडिएटर पंखांखाली, त्यातही सुरुवातीच्या मार्कमध्ये (मार्क म्हणजे मॉडेलची आवृत्ती) एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला बारका ऑइल कूलर, मार्क नाइनपासून दोन्हीकडे सारखे. पंख्याची पाती मोजा, मार्क वन-टूला तीन, नाइनला चार, आणि पाच दिसली तर ते बहुतेक नेहमीच्या मर्लिन इंजिनाचं नाही, ग्रिफन इंजिनवालं नंतरचं मॉडेल, आवाजही जास्त घोगरा असतो.

मग येतं मेसरश्मिट 109, म्हणजे जर्मनांचं लढाऊ विमान, आणि इथे बरेच जण फसतात. अशा शोमध्ये जर्मन रंगात उडणारं विमान पुष्कळदा बुचोन असतं, म्हणजे स्पेनमध्ये युद्धानंतर बनलेलं 109, ज्यात इंजिन चक्क रोल्स-रॉइस मर्लिन! डोळे मिटलेत तर स्पिटफायरच वाटेल. खूण सोपी आहे, एक्झॉस्टचे पाइप बघा. खऱ्या 109 चं इंजिन उलटं बसवलेलं असायचं म्हणून पाइप नाकाच्या खालच्या अंगाला, बुचोनचे वरच्या अंगाला. एकदा कळलं की परत कधी फसत नाही.

माझ्या मते सगळ्यात भारी भाग उड्डाण नाही, टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेणं. स्पिटफायर जमिनीवर असताना नाक इतकं वर असतं की वैमानिकाला समोरचं काहीच दिसत नाही, म्हणून ती नागमोडी चालवत नेतात, एकदा डावीकडून बघायचं एकदा उजवीकडून. त्यात पंखाखालच्या रेडिएटरला जमिनीवर पुरेशी हवा मिळत नाही, इंजिन भराभर तापतं, त्यामुळे फार वेळ ताटकळत ठेवता येत नाही. इंजिन सुरू होताना पाइपातून निघणारा निळसर धूर, एखादी ज्वाळा, आणि पार्क केलेल्या विमानाखाली तेल झेलायला ठेवलेला ट्रे, हे बघायचं असेल तर सकाळी लवकर पोहोचा. फ्लाइटलाइन वॉक, म्हणजे उभ्या विमानांच्या रांगेजवळून फिरायची सोय, असेल तर तो आधी उरका.

फोटोवाल्यांसाठी: डक्सफर्डला प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला असतात, म्हणजे दिवसभर बऱ्यापैकी उजेड समोरून, विमान काळं येतं, एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. शटर 1/250 च्या वर नेऊ नका, नाहीतर पंखा थिजल्यासारखा दिसतो आणि विमान दोरीला टांगलंय असं वाटतं. हात स्थिर असेल तर 1/125 करून विमानाबरोबर कॅमेरा फिरवत राहा, दहातले आठ फोटो हललेले येतील, येऊ देत. मोबाईल असेल तर झूम करू नका, व्हिडिओ घ्या, निदान आवाज तरी राहतो. टोपी आणि सनस्क्रीन न्या, सूर्य तोंडावर असतो, आणि रेनकोटही न्या कारण इंग्लंड आहे.

ट्रॅफिकच्या भीतीने लवकर निघू नका बरं का, सगळ्या स्पिटफायर एकत्र येतात ते मोठं फॉर्मेशन बहुतेक वेळा अगदी शेवटीच ठेवतात. पार्किंगमधून बाहेर पडायला तसाही वेळ लागणारच आहे.