नॉर्वेत नव्याने आलीस ना? पहिलं वर्ष स्वतःच्या नावावर कर

लग्न होऊन नवऱ्याच्या नोकरीमागे ओस्लो, स्तावांगर, त्रॉनहाइमला येणाऱ्या मराठी मुली मला नेहमी भेटतात. कुणी इंजिनियर, कुणी फार्मसिस्ट, कुणी शिक्षिका. आल्या आल्या बहुतेकींना वाटतं, त्याला इथलं सगळं माहीत आहे, तर तोच बघेल. नवरा कितीही चांगला असो, माझं कळकळीचं सांगणं एकच: पहिल्या वर्षात जे काही उभं करशील ते तुझ्या नावावर उभं कर.

आधी कागद. पोहोचल्यावर आठवड्याच्या आत राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी पोलिसांशी संपर्क करायचा असतो. मग कर खात्यात पासपोर्ट दाखवून ओळख तपासून घ्यायची. तिथून ११ आकडी फ्योड्सेल्सनुमर, म्हणजे राष्ट्रीय ओळख क्रमांक, मिळतो. तो हातात आला की बँकेत तुझं स्वतंत्र खातं उघड आणि बँक-आयडी, म्हणजे ऑनलाइन ओळखपत्र, घे. हे टाळू नकोस. डॉक्टर बदलणं, कराचे कागद, ‘नाव’ (NAV) या कामगार व कल्याण खात्याकडचे अर्ज, भाडेकरारावरची सही, सगळीकडे बँक-आयडी लागतो. कितीतरी मुली वर्ष-वर्ष नवऱ्याच्या बँक-आयडीवर कामं उरकतात. मग नवरा ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरीवर, गेला की साधी डॉक्टरची वेळ घ्यायलाही अडतं. शिवाय बँक-आयडी दुसऱ्याला वापरायला देणं नियमातही बसत नाही.

आपल्याकडच्या मुलींची एक खास अडचण म्हणजे पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. ही दोन नावं जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला किंवा गॅझेटची प्रत भारतातून निघतानाच सोबत घे. परदेशी पदवीची मान्यता आता एचके-दिर हे संचालनालय देतं, त्याला पैसे पडत नाहीत. नर्स, फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य यांना मात्र आरोग्य संचालनालयाकडून वेगळी परवानगी काढावी लागते आणि त्यात वेळ जातो. तेव्हा भाषा येईपर्यंत थांबू नकोस, कागद आधीच गोळा करायला लाग.

घर भाड्याने घेताना अनामत रक्कम घरमालकाच्या खात्यात भरू नकोस. ती भाडेकरूच्या नावाने उघडलेल्या वेगळ्या अनामत खात्यात ठेवायची, असा कायदाच आहे. करारावर दोघांची नावं घाला.

आता भाषा. इथे इंग्रजीवर सगळं भागतं हे खरं आहे, आणि त्यामुळेच मुली अडकतात. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात काम होऊन जातं, पण माणसं मिळत नाहीत. कामावर साडेअकराला जेवायची सुट्टी होते. सगळे आपापला मातपाक्के उघडतात, म्हणजे पावाचे काप, त्यावर तपकिरी चीज किंवा काकडी, मध्ये पातळ कागद. त्या अर्ध्या तासात पोरांचं आजारपण, सुट्टीच्या केबिनचं छप्पर, कोण नोकरी सोडतंय, सगळं बोलून होतं, आणि ते नॉर्वेजियनमध्ये होतं. तुझ्यासाठी ते दोन वाक्यं इंग्रजीत बोलतील आणि पुन्हा आपल्या भाषेत वळतील. त्या टेबलावर बस. पोळीभाजीचा डबा घेऊनच बस, पण कोपऱ्यात फोन घेऊन बसू नकोस. ‘माझ्याशी नॉर्वेजियनच बोला’ असं स्पष्ट सांग. लोक आनंदाने हळू बोलतात.

नोकरीवर आलेल्याच्या बायकोला वर्गाचे पैसे बहुतेकदा स्वतःच भरावे लागतात, तरी कोम्यूनेत, म्हणजे नगरपालिकेत, एकदा विचारून घे. तोवर त्रॉनहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठाचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम कर आणि वाचनालयातल्या स्प्रोककाफेला जा. तिथे गप्पा मारत भाषा शिकता येते. वर्गात बोकमॉल, म्हणजे लेखी नॉर्वेजियनचं मुख्य रूप, शिकशील आणि स्तावांगरच्या रस्त्यावर वेगळंच ऐकू येईल. ‘मी’साठीसुद्धा शब्द वेगळा. त्याने खचू नकोस, कान महिनोन्महिने ऐकूनच तयार होतो.

पहिली नोकरी पदवीच्या तोडीची नसेल तरी घे, असं माझं मत आहे. बार्नेहागे (बालवाडी), वृद्धाश्रम, कँटीन, कुठेही. इथे नोकरी देणारा आधीच्या साहेबाला फोन करून विचारतो, आणि इथला असा एक माणूस तुझ्याकडे असायला हवा. सुरू करण्याआधी करकार्ड काढ, नाहीतर पगारातून निम्मी रक्कम कापली जाते. नोकरीचं आणखी एक महत्त्वाचं कारण आहे. बाळंतपणाची पगारी रजा पूर्ण दराने घेतली तर आईबापात मिळून ४९ आठवडे असते आणि त्यातले १५ आठवडे फक्त बापाचे. पण तुझ्या वाट्याची रजा मिळायला रजेआधीच्या १० महिन्यांपैकी किमान ६ महिने तुझी कमाई हवी. नसेल तर एकरकमी मदत मिळते आणि ती बरीच कमी असते. मूल कधी हवं हा तुमचा दोघांचा प्रश्न, पण हा हिशेब माहीत असू दे.

थंडीबद्दल थोडक्यात. अंगाला लागून लोकर घाल, सुती नको. घाम आला की सुती कपडा गार पडतो. पश्चिम किनाऱ्यावर छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट आणि रेनपँट घे. बर्फाळ रस्त्यावर बुटांना ब्रॉडर, म्हणजे खिळ्यांचे पट्टे, लाव. ओस्लोत डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो. आपल्या रंगाच्या त्वचेला ड जीवनसत्त्व कमी पडतं, तेव्हा फास्टलेगेकडून, म्हणजे तुझ्या नेमलेल्या डॉक्टरकडून, रक्त तपासून घे. दुपारी उजेड असताना रोज बाहेर पड, मन लागत नसेल तेव्हा तर नक्कीच.

मूल झालं की हेल्सेस्ताशूनच्या, म्हणजे बाळांच्या आरोग्य केंद्राच्या, नर्सशी मोकळं बोल. आपल्या लोकांत बालकल्याण खात्याची मोठी भीती आहे. २०११ मध्ये स्तावांगरच्या एका भारतीय कुटुंबाची दोन मुलं खात्याने ताब्यात घेतली, तेव्हापासून ती जास्तच पसरली. लपवालपवीने ती भीती कमी होत नाही. मुलाला मारणं इथे १९८७ पासून कायद्याने बंद आहे आणि हलकी चापटही चालत नाही, हे पाहुण्या आलेल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेव.

आणि एक गोष्ट, जी कुणी आपणहून सांगत नाही. घरात मारहाण होत असेल, पैसे किंवा पासपोर्ट काढून घेतला जात असेल, आणि ‘मला सोडलंस तर तुला देश सोडावा लागेल’ अशी धमकी मिळत असेल, तर घाबरून गप्प बसू नकोस. छळ झालेल्या जोडीदाराला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो, परदेशी नागरिक कायद्याच्या कलम ५३ मध्ये ती तरतूद आहे. प्रत्येक कोम्यूनेला क्रीसेसेंटरची, म्हणजे आसरागृहाची, सोय करावीच लागते. तिथे राहायला पैसे पडत नाहीत, कुणाची चिठ्ठी लागत नाही, दुभाषा मागता येतो. मदतीचा फोन दिवसरात्र चालू असतो: ११६ ००६. जीवावर बेतलं तर पोलीस ११२.