लांब फेकणारा क्वार्टरबॅक कोण? तुलना करताना या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकणारा मुख्य खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे प्रत्येक पासमागचे यार्ड (१ यार्ड म्हणजे ३ फूट) काढायचे आणि त्यावरून कोण लांब फेकतो ते ठरवायचं. २०२३ चा हंगाम घ्या. ओरेगनच्या बो निक्सने ४७० पासमध्ये ४,५०८ यार्ड मिळवले, म्हणजे पासमागे ९.६. वॉशिंग्टनच्या मायकल पेनिक्स ज्युनियरचे ५५५ पासमध्ये ४,९०३, म्हणजे ८.८. या हिशेबाने निक्स लांब फेकणारा ठरतो, आणि त्यांचे सामने पाहिलेल्या कुणालाही हे पटणार नाही. निक्सचे कितीतरी पास स्क्रिमेज रेषेच्या (जिथून डाव सुरू होतो त्या रेषेच्या) मागे किंवा जेमतेम पुढे जायचे. बाकीचं अंतर रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, धावून काढायचे. पेनिक्स मात्र आपला रिसीव्हर रोम ओडुन्झेकडे चेंडू थेट खोलवर सोडायचा.

म्हणून चेंडू हवेत किती गेला, म्हणजे एअर यार्ड, ते बघा. निक्सचे ७७.४ टक्के पास पूर्ण झाले, पेनिक्सचे ६५.४; पास किती खोलवर टाकले ते न बघता हे आकडे शेजारी मांडणं पेनिक्सवर अन्याय आहे. पण उलट्या टोकालाही जाऊ नका. आखूड पास हा बहुतेकदा प्रशिक्षकाच्या डावपेचाचा भाग असतो, त्यावरून क्वार्टरबॅक कमी ठरत नाही. त्या वर्षी दोघं दोनदा भिडले आणि वॉशिंग्टन दोन्ही वेळा जिंकलं, पण दर वेळी फक्त ३ गुणांनी.

नुसती सरासरीही फसवते. एकजण निम्मे पास रेषेवर आणि निम्मे २० यार्डांवर टाकतो, दुसरा सगळे १० यार्डांवर. सरासरी एकच, खेळ पूर्ण वेगळा. रेषेमागे, ० ते ९, १० ते १९ आणि २० च्या पुढे असे गट पाडून त्या त्या गटातली अचूकता ताडून पाहा.

आता सहसा कुणी न बोलणारी गोष्ट. एअर यार्ड रेषेपासून सरळ पुढे मोजतात. चेंडू आडवा किती गेला ते त्यात येत नाही. डाव कडेपासून किती आत सुरू होणार ते मैदानावरच्या हॅश मार्कच्या दोन ओळी ठरवतात. कॉलेजच्या मैदानात या दोन ओळींमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १८.५ फूट. डाव्या हॅशवरून, रेषेच्या ७ यार्ड मागून, उजव्या कडेला १० यार्डांचा आउट (कडेकडे वळणाऱ्या रिसीव्हरला दिलेला पास) फेकला तर चेंडू प्रत्यक्षात जवळपास ३७ यार्ड प्रवास करतो. नोंद होते १० ची! हाताची ताकद जोखायची तर असे पास व्हिडिओतच बघावे लागतात.

आर्मी, नेव्हीसारख्या ऑप्शन (मुख्यतः चेंडू घेऊन धावण्यावर भर देणारी पद्धत) खेळणाऱ्या संघांचे क्वार्टरबॅक पास मोजकेच आणि बरेचदा खोलवर टाकतात, त्यामुळे त्यांची सरासरी फुगते. त्यांना या तुलनेत धरूच नका. आणि दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या, कारण मुद्दाम बाहेर फेकलेले पास कुणी मोजतं, कुणी वगळतं.