‘इतकी कोटी सक्रिय उपकरणं’: कंपन्यांचा हा आकडा कसा वाचायचा

तंत्रज्ञान कंपनीचे तिमाही निकाल लागले की ‘इतकी कोटी सक्रिय उपकरणं’ ही ओळ बातमीत हमखास असते. ठाण्या-दादरचे छोटे गुंतवणूकदार त्या ओळीवर विसंबून शेअर घेतात, म्हणून ती नीट वाचता यायलाच हवी.

आधी पाहा, मोजलंय काय: माणसं, खाती की उपकरणं? डोंबिवलीतल्या तिघांच्या घरात तीन फोन, एक लॅपटॉप आणि एक टॅब असेल, तर माणसं तीन आणि उपकरणं पाच. ॲपलने २०२३च्या सुरुवातीला २ अब्जांहून अधिक सक्रिय उपकरणं जाहीर केली. ते २ अब्ज ग्राहक नव्हेत. आयफोन, मॅक आणि घड्याळ वापरणारा एकच माणूस त्यात तीनदा येतो.

मग मुदत शोधा. सगळी गोम इथेच असते. २०१६ मध्ये १ अब्जाचा टप्पा सांगताना ॲपलने ९० दिवसांत आपल्या सेवांशी जोडलं गेलेलं उपकरण सक्रिय धरलं होतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी २८ दिवस धरले. दोन महिन्यांपूर्वी कपाटात ठेवलेला टॅब पहिल्या हिशेबात बसतो, दुसऱ्यात नाही. त्यामुळे या दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. २८ दिवसांचा एक फायदाही आहे: प्रत्येक वार बरोबर चारदा येतो, शनिवार-रविवारमुळे आकडा हलत नाही.

तिसरं, सक्रिय ठरायला काय करावं लागतं? नुसतं ॲप उघडणं, की खरेदी? सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी मुंबईची ‘नायका’ ही कंपनी भेट देणारे आणि प्रत्यक्ष खरेदी करणारे ग्राहक वेगवेगळे सांगते. माझ्या मते धंद्याचा अंदाज दुसऱ्यावरूनच येतो. मात्र पहिला आकडा महिन्याचा असतो आणि दुसरा वर्षाचा, तेव्हा एकाला दुसऱ्याने भागू नका.

या व्याख्या बहुधा तळटीपेत बारीक अक्षरात असतात. भारतीय कंपनीसाठी बीएसईच्या संकेतस्थळावर तिचं नाव टाका, घोषणांमधून गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण उतरवून घ्या, आणि सोबत मागच्या वर्षीचंही उघडा. मोजमाप बदललं असेल तर सावध व्हा. ट्विटरने २०१९ मध्ये महिन्याचे वापरकर्ते सांगणं थांबवलं आणि जाहिराती दाखवता येतील असे रोजचे वापरकर्ते सांगायला सुरुवात केली. महिन्याचा आकडा तेव्हा घसरत होता.

सरावासाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’चं मासिक पत्रक उत्तम. त्यात मुंबईची ओळ महाराष्ट्रापासून वेगळी असते. एकूण किती सिम नोंदलेली आहेत ते पाहा, मग व्हीएलआरच्या (नेटवर्कवर हजर असलेल्या सिमची नोंद ठेवणाऱ्या यादीच्या) तक्त्यात त्यातली किती टक्के खरोखर नेटवर्कवर होती ते पाहा. फोन चालू असला की सिम तिथे मोजलं जातं, कॉल करायची गरज नसते. सुरुवात तुमच्याच सिमच्या कंपनीपासून करा.